तिचा नक्को

माझ्या स्वयंपाकाला नको म्हणणाऱ्या माणसाला मी आजवर माफ केलेलं नाही. नवरा साक्षीला आहे. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याने माझ्या दुधीच्या भाजीकडे पाहून नाक मुरडलं होतं, ते मी तीस वर्षं लक्षात ठेवलंय आणि दर उन्हाळ्यात दुधी आणला की त्याला ऐकवते. अशा बाईला एका नऊ वर्षांच्या पोरीने दुधीच्या वाटीवरून 'नको' म्हटलं आणि ती बाई ओट्याला धरून आनंदाने रडली, हे सांगितलं तर कुणाला पटायचं नाही. पण झालं तसंच.

मी मूळची मिरजेची. नर्सिंग तिथेच शिकले. नवरा हवाई दलात, विमानं दुरुस्त करणाऱ्यांतला, म्हणून आमचा संसार दर तीन वर्षांनी ट्रंकांत भरून दुसऱ्या गावी जायचा. शेवटची बदली चंदीगडला झाली आणि निवृत्तीनंतर आम्ही इथेच राहिलो. तो आयटी पार्कातल्या एका कंपनीत देखभालीचं काम बघायला लागला. मी तर आधीपासूनच इथल्या एका मोठ्या रुग्णालयात लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर होते. आमचा एकुलता एक मुलगा इथल्याच शाळांत शिकला. मी त्याला मराठीत ओरडायचे, तो हिंदीत उलट उत्तर द्यायचा, आणि भांडण व्यवस्थित व्हायचं. तो नोकरीला बंगळुरूला गेला आणि घरात मराठी ऐकणारा नवरा तेवढा उरला. तोही अर्धवटच ऐकतो.

आमच्या वॉर्डात अशी मुलं यायची की ज्यांना बरं वाटलं तरी जायला घर नसायचं. संस्थेतून यायची, संस्थेत परत जायची, महिन्याभराने पुन्हा छातीत घरघर घेऊन यायची. एकदा त्यांच्याविषयी बैठक होती. अशा मुलांना काही वर्षांपुरतं घरी ठेवून घेणारी कुटुंबं सरकार शोधत होतं. फॉस्टर केअर म्हणतात त्याला. दत्तक नाही, राखण. मूल आपलं होत नाही, फक्त आपल्याकडे वाढतं. बैठकीत कुणीतरी उसासा टाकून म्हणालं, "चलता-फिरता बच्चा हो तो लोग ले भी लें. ऐसे बच्चों को कौन रखेगा जी?"

त्या 'ऐसे'चा मला असा राग आला की मी म्हटलं, "मैं रखूँगी."

माझ्या आयुष्यातले बहुतेक बरे निर्णय मी रागाच्या भरात घेतलेले आहेत. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असतो, तेव्हा त्याचा कधीतरी उपयोग व्हायला हवाच होता. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो बराच वेळ चहा ढवळत बसला आणि म्हणाला, "म्हणजे ही पण पोस्टिंगच. मुदत संपली की हस्तांतर." मग उठून जिन्याशेजारची खोली रिकामी करायला लागला. त्याने आणखी काही विचारलं नाही, यासाठी मी त्याला दुधीचं प्रकरण जवळजवळ माफ केलं.

नोकरी सोडावी लागली. हे काम संध्याकाळी घरी येऊन करायचं काम नव्हे. प्रशिक्षण झालं, घराची पाहणी झाली, पोलिसांचा कागद झाला. नणंदेने साताऱ्याहून फोन केला, "अगं, एवढी हेडसिस्टर व्हायची वेळ आली आणि आता दुसऱ्याच्या पोराची आया होणार तू?" मी म्हटलं, "हो वन्सं. पूर्णवेळ."

पोरगी आली ती नऊ वर्षांची आणि वजनाने पाच वर्षांची. तिचं नाव लिहायचं नाही असा नियम आहे आणि तो बरोबर आहे. मी तिला बयो म्हणायचे. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडलेला, त्यामुळे हातपाय ताठ, बसायला खास खुर्ची, फिट्स यायच्या, बोलणं नाही. डोळे मात्र खोलीभर फिरायचे. तिची आई ती लहान असतानाच गेली होती, बाप नव्हताच. पिंजौरला आजी होती, आईची आई. तिने एकटीने या पोरीला सात वर्षं उचललं, भरवलं, धुतलं. मग ती म्हातारी ओल्या अंगणात घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. पोरीला उचलणारं दुसरं कुणी नव्हतं. आजीने स्वतः अंगठा देऊन नातीला संस्थेत ठेवलं आणि तिथून दीड वर्षाने ती माझ्याकडे आली. आजी पायावर उभी राहिली की पोरगी परत जाणार, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. मला ते तोंडपाठ होतं. पाठ असणं वेगळं, हे मला नंतर कळलं.

तिचं सगळ्यात अवघड काम होतं जेवण. घास गिळताना तिचा घसा दमायचा, आणि दमलेल्या घशाने गिळलं की अन्न श्वासनलिकेत जायचं. मग ताप, मग न्यूमोनिया. आणि तरी चमचा दिसला की ती तोंड उघडायची. कितीही दमलेली असो, खोकत असो, चमचा आला की आ. संस्थेत एका बाईला बारा मुलं भरवायची असतात, तिथे मूल तोंड उघडायलाच शिकतं. त्या बायांना मी दोष देत नाही, वॉर्डात मीही तशीच भरवत आले होते.

गिळण्याची तपासणी करणारी डॉक्टर पंजाबी होती, कोवळी, पण हुशार. ती म्हणाली, "सिस्टर, इसके पास रोकने का कोई तरीका ही नहीं है. पहले वो दीजिए." म्हणजे खुर्ची, दाटसर केलेलं पातळ अन्न, छोटा चमचा हे सगळं ठीक, पण या मुलीला आधी 'थांब' म्हणता यायला हवं.

मग आमची शाळा सुरू झाली. प्रत्येक चमच्याआधी मी विचारायचं, "हवं? की नको?" आणि दहा अंक मनात मोजायचे. तिने डोळ्यांनी, मानेने, आवाजाने, कशानेही काही सांगेपर्यंत चमचा हलवायचा नाही. एका जेवणाला पाऊण तास लागायचा. मी जन्मात कुणासाठी दहापर्यंत मोजलेलं नाही. मिरजेला आमच्या मेट्रन म्हणायच्या, "ही पोरगी तीनला इंजेक्शन टोचून मोकळी होते." आता मी दिवसातून शंभर वेळा दहापर्यंत मोजत होते. एकदा आठव्याच अंकाला मी वाटी आपटली. ती दचकली, ताठ झाली, आणि त्या दुपारी तिने काही खाल्लं नाही. मी संध्याकाळी तिच्यापुढे कान धरले. तिला ते इतकं आवडलं की पुढे महिनाभर मला रोज उगीच कान धरावे लागले.

सात महिने झाले होते. दुधी शिजवून, घोटून, जिऱ्याची फोडणी गाळून मी वाटी आणली. "हवं? की नको?" एक, दोन, तीन. तिने माझ्याकडे पाहिलं, ओठ आवळले, मान सगळी ताकद लावून डावीकडे नेली आणि घशातून आवाज काढला.

"नक्‌... को."

मी म्हटलं, "काय?" मूर्खासारखं. ती पुन्हा म्हणाली. तिची जीभ जड, म्हणून तो शब्द सोलापूरकडच्या माणसासारखा ठसक्यात यायचा, "नक्को!" मी नवऱ्याला हाक मारली. त्याच्यासमोर पुन्हा विचारलं, तिने पुन्हा नक्को म्हटलं. नवरा म्हणाला, "दुधीला म्हणते ना? मग हुशार आहे." मी ओट्याला धरून रडले आणि ती खुर्चीत खिदळत होती.

त्या दिवसापासून ती नक्कोच्या राज्याची राणी झाली. केस विंचरायला नक्को, डॉक्टरला नक्को, नवऱ्याच्या गाण्याला तर पहिल्या सुराला नक्को. सेक्टर १७ च्या चौकात मी तिला खुर्चीतून फिरायला न्यायचे. तिथे फुगेवाला जवळ आला की ती त्याला दुरूनच बजावायची, आणि तो बिचारा "नमस्ते बेटा" म्हणून हसून पुढे जायचा. पण मुख्य म्हणजे जेवणात ती वेळेवर म्हणायची. घसा दमला की नक्को. मी वाटी बाजूला ठेवायचे, अर्ध्या तासाने पुन्हा विचारायचे. पुढच्या दीड वर्षात तिला एकदाही न्यूमोनिया झाला नाही. वजन वाढलं. मला या कामाने दुसरं काही दिलं नसतं तरी चाललं असतं. माझ्या घरात एक मूल होतं आणि त्याचं म्हणणं चालत होतं, याचं सुख मला रोज सकाळी उठल्या उठल्या व्हायचं.

दर महिन्याला बालसंरक्षण कचेरीतली एक तरुण बाई भेटीला यायची. चांगली होती, मन लावून लिहून घ्यायची. तिने विचारलं, "कुछ बोलती है?" मी अभिमानाने सांगितलं, "एक शब्द. नको." तिने फॉर्मवर इंग्रजी अक्षरांत तो शब्द लिहिला आणि पुढचा प्रश्न विचारला. त्याचा अर्थ तिने विचारला नाही, मीही सांगितला नाही. मला तो शब्द मराठी आहे हेच सुचलं नाही. माझ्या लेखी तो बयोचा शब्द होता.

आजीला इथे सगळे बीजी म्हणतात, मीही तेच म्हणते. दोन वर्षांत बीजी काठी टेकत चालायला लागल्या, मग काठी सोडून. महिन्यातून एकदा कचेरीतल्या खोलीत तासभर नातीला भेटायच्या, तिचे तळवे चोळत बसायच्या. शेजारची सून मदतीला राहील असं ठरलं, घरात उतार बांधला गेला. पिंजौर हरियाणात आणि आम्ही चंदीगडात, त्यामुळे कागद दोन कचेऱ्यांत फिरत राहिले आणि मी मनातल्या मनात त्यांना म्हणत राहिले, फिरा, सावकाश फिरा.

शेवटी पिंजौरला आजीकडे पहिली दोन दिवसांची भेट ठरली. बीजी आधी दोनदा आमच्याकडे भरवायला शिकून गेल्या. आजी समोर दिसल्याच्या आनंदात बयोने दोन्ही वेळा वाटी पूर्ण रिकामी केली, एकदाही नक्को म्हटलं नाही. मी तीन पानं लिहून दिली, शेजारच्या सुनेला वाचता येईल अशा स्वच्छ हिंदीत. खुर्चीचा कोन, अन्न किती दाट, फिटचं औषध किती वाजता, खोकला आला तर काय. 'ती सांगेल तेव्हा थांबा' असंही लिहिलं. कशी सांगेल ते लिहिलं नाही. वीस वर्षं वॉर्डातल्या पोरींना मी हस्तांतराच्या नोंदी अपुऱ्या लिहिल्या म्हणून झापलेलं आहे.

शनिवारी सकाळी तिला सोडलं. रविवारी सकाळी फोन आला. रात्रीपासून ताप, छातीत घरघर. बीजी तिला घेऊन रुग्णालयात निघाल्या होत्या.

आम्ही पोचलो तेव्हा बयोच्या तोंडावर प्राणवायूचा मास्क होता आणि नाकाचा शेंडा लालभडक, सालटी निघालेला. मला वाटलं सर्दी. बीजी बाहेर बाकावर बसल्या होत्या, ओढणीचं टोक दोन्ही हातांत पिळत. माझा राग तर विचारूच नका. मी म्हटलं, "बीजी, लिख के दिया था ना? उसने मना किया होगा. आप रुकीं क्यों नहीं?"

"मना कहाँ किया सिस्टर जी," त्या म्हणाल्या. "एक बारी भी नहीं किया. बस नक्क-नक्क करती रही. मैं पोंछती रही. साफ़ था, फिर भी पोंछती रही. फिर कहे नक्क, मैं फिर पोंछूँ. फिर मैंने कहा, चल पुत्त, होर खा ले."

पंजाबीत नाकाला नक्क म्हणतात.

मी त्यांच्या शेजारी बसले. पोरगी घसा दमल्यावर अगदी वेळेवर, अगदी बरोबर सांगत होती, आणि तिच्या प्रत्येक 'नको'ला तिचं नाक पुसलं जात होतं. मग पुढचा घास. पुन्हा नको, पुन्हा रुमाल. तिला काय वाटलं असेल ते मनात आणायचं धाडस मला आजही होत नाही. सात महिने मोजून मोजून मी तिला एक शब्द दिला होता, आणि तो असा दिला होता की तिच्या स्वतःच्या घरात तो कुणालाच कळू नये. संस्थेत तिच्याकडे शब्द नव्हता. आता होता, आणि तो वापरून काही होत नाही हे ती शिकायला लागली असती.

मास्क दोन दिवसांत निघाला. आठवड्याने ती माझ्याकडे परत आली. चौकशी होणारच होती. कचेरीतली बाई आली आणि फाईल मिटून, आवाज खाली आणून म्हणाली, "सिस्टर, मला दिसतंय तुमचा जीव तिच्यात आहे. नानीला झेपत नाही एवढी एक ओळ तुम्ही लिहिलीत तर बालकल्याण समिती तिला तुमच्याकडेच ठेवेल." हे ती हिंदीत म्हणाली, आणि भल्यासाठीच म्हणाली.

खोटं का बोलू? मी त्या ओळीवर दोन दिवस काढले. ओळ खोटीही नव्हती. खाऊ घातलं बीजींनी, पोरगी आजारी पडली, एवढं खरंच होतं. नक्कची गोष्ट मी आणि बीजी सोडून कुणाला माहीत नव्हती, आणि तिचा अर्थ तर बीजींनाही माहीत नव्हता. मी गप्प बसले असते तर बयो माझी झाली असती. सकाळी तिची वेणी घालताना मला वाटायचं, जाऊ दे, गप्प बसावं. ती माझ्याकडे सुखात आहे. तिला मराठी समजतं. इथे तिला नको म्हणता येतं.

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो नेहमीसारखा चहा ढवळत राहिला. मग म्हणाला, "आमच्याकडे काही बिघडलं की पहिला प्रश्न असायचा, याला काय लिहून दिलं होतं? लिहून देणाऱ्याने चूक केली असेल तर स्पॅनर धरणाऱ्याला दोष देत नसत."

मी म्हटलं, "तुला कुणी विचारलं?" तो म्हणाला, "तूच." आणि कप विसळायला गेला.

समितीसमोर मी उभी राहिले आणि जे झालं ते सांगितलं. नको म्हणजे काय, नक्क म्हणजे काय, आणि तीन पानांत काय लिहायचं राहिलं. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. बीजी कोपऱ्यातल्या खुर्चीत होत्या. त्यांना तेव्हाच पहिल्यांदा कळलं. त्यांनी तोंडावर ओढणी घेतली आणि "हाय ओ रब्बा, वो तो बोल रही थी" असं दोन-तीनदा म्हणाल्या. मला वाटलं आता त्या माझ्यावर ओरडतील, आणि मी ऐकून घेणार होते. त्या मात्र उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि माझं डोकं दोन्ही हातांनी धरून म्हणाल्या, "तूने मेरी गुड्डी को बोलना सिखाया." त्या वेळी मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. आजही त्या हातांची आठवण आली की मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडते.

तयारी करून पोरीला पुन्हा आजीकडे पाठवायला तीन महिन्यांची मुदत मिळाली. मी लगेच चूक दुरुस्त करायला लागले, म्हणजे दुसरी चूक केली. बयोला हिंदी 'बस' शिकवायचं ठरवलं. "हवं? की बस?" ती माझ्याकडे बघायची. नक्को म्हणायची. मी म्हणायचे, "नाही बयो, बस म्हण." चौथ्या दिवशी तिने काहीच म्हणायचं सोडलं. चमचा आला की आ. पुन्हा पहिल्यासारखं तोंड उघडायला लागली.

बीजी तेव्हा मंगळवारी आणि शुक्रवारी पिंजौरहून बसने यायच्या. त्यांनी ते पाहिलं. शुक्रवारी त्यांनी माझ्या हातातून वाटी काढून घेतली. "सिस्टर जी, बच्ची के पास एक ही तो बात है. वो भी छीन लोगी? हम इतने लोग हैं वहाँ, हम सीख लेंगे. बोलो, कैसे बोलते हैं?"

मी म्हटलं, "नको."

"नक्को," त्या म्हणाल्या, थेट नातीसारख्या. बयोने मान वळवून आजीकडे पाहिलं. मग तिने मोठ्याने तो शब्द म्हणून दाखवला, बरोबर कसा म्हणायचा ते.

शब्द एका मिनिटात आला. त्यावर थांबणं यायला दोन महिने लागले. बीजींच्या घरात आलेला माणूस पोट धरून उठल्याशिवाय पंगत संपत नाही. "इक होर" म्हणजे आणखी एक, याच्याविना त्यांची माया ताटात पडत नाही. मी तरी कुठल्या तोंडाने बोलणार? आमच्याकडे जिलबीचा आग्रह करकरून पाहुण्याला आडवं केल्याचे किस्से अजून कौतुकाने सांगतात. आम्ही दोघी भरवून प्रेम करणाऱ्या बायका, आणि या पोरीवर प्रेम करायचं तर हात आखडायला शिकायचं होतं.

शेवटी मी वॉर्डातली युक्ती केली. बीजींना बयोच्या खुर्चीसमोर बसवलं, गळ्याला रुमाल बांधला आणि मीठ न घातलेला घोटलेला दुधी त्यांना भरवायला लागले. नको म्हणेपर्यंत थांबणार नाही म्हणाले. अन्नाला नाही म्हणायचं नसतं, म्हणून त्या बिचाऱ्या गिळत राहिल्या. पाच चमचे, आठ चमचे. बयो टक लावून बघत होती. मी "इक होर, बीजी, इक होर" चालू ठेवलं. अकराव्या चमच्याला त्यांनी माझा हात ढकलला आणि ओरडल्या, "नक्को! नक्को जी!" बयो इतकी हसली की तिला आधी सावरावं लागलं. बीजी डोळे पुसत होत्या. त्या म्हणाल्या, "इतना बुरा लगता है? कोई सुने नहीं तो इतना बुरा लगता है?" त्यानंतर त्यांना काही शिकवावं लागलं नाही.

हस्तांतराच्या नोंदी मी नव्याने लिहिल्या. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत तो शब्द, त्याचा अर्थ, आणि खाली 'नाक नहीं'. मग बयो गेली. मी तिचे कपडे घडी करून बॅगेत भरले, आम्ही इतक्या वर्षांत इतक्या ट्रंका भरल्या तसे. व्हॅन वळली आणि मी फाटकाशी उभी राहून मोठ्याने रडले. शेजारच्या सरदारजींनी खाली येऊन विचारपूस केली. मी सांगितलं, पोरगी घरी गेली. ते म्हणाले, मग ही तर चांगली बातमी आहे. मी म्हटलं, आहेच.

दीड महिना भेटायचं नाही असा दंडक होता, तिचा तिथे जम बसावा म्हणून. दीड महिना आणि एक दिवस झाल्यावर आम्ही पिंजौरला गेलो. मी डब्यात मेतकूट घातलेला गुरगुट्या भात नेला होता, तिचा आवडता, गाळून मऊ केलेला. बयोचे गाल भरले होते. केसांना तेल, डोक्यावर दोन वेण्या, शेजारच्या सुनेने घातलेल्या. मला पाहिल्यावर ती हात ताठ करून ओरडली, तिच्या आनंदाच्या आवाजात, आणि मी तिथेच धन्य झाले. शेजारची सून खुर्चीचा पट्टा लावताना तिला विचारत होती, "नक्को? ठीक है?" त्या गल्लीत आता तो शब्द चालत होता.

जेवायची वेळ झाली. बीजींनी आपली खिचडी बाजूला सारून कौतुकाने मला जागा दिली. मी भात भरवायला घेतला. हवं? की नको? दहा अंक. एक चमचा गेला, दुसरा गेला, तिसरा, चौथा. पाचव्याला तिने ओठ आवळले आणि मान डावीकडे नेली.

"नक्को."

पाचच चमचे झाले होते. डबा भरलेला होता. पहाटे उठून घोटलेला भात, दीड महिन्याची वाट, आणि मी उद्या इथे नसणार. तिचा घसा दमलेला दिसत नव्हता, मला तरी दिसत नव्हता. मी चमचा तसाच तिच्या ओठांशी धरला आणि म्हटलं, "एकच गं बयो. माझ्या हातचा."

माझ्या मनगटावर बीजींचा हात आला. खरबरीत, जड हात. त्यांनी माझा हात हळूच पण ठामपणे खाली नेला.

"सिस्टर जी," त्या म्हणाल्या, "सुना नहीं आपने? नको बोल रही है."

मी चमचा वाटीत ठेवला.